दंतआरोग्य आणि आपल्या मुली

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



 मी ‘दात’ हा विषय निवडला आहे असे कळल्यावर शिक्षकांच्या खोलीत थोडी हसाहसी झाली. इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या माणसाने दातांवर काय बोलावे? त्यांचे म्हणणे खरे आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. परंतु ज्या प्रश्नावर मला बोलायचे आहे तो निम्मा दाताचा आणि निम्मा भूगोलाचा आहे. दुखणारा दात कोठे आहे आणि दवाखाना कोठे आहे, या दोहोंमधल्या अंतराचा तो प्रश्न आहे. आणि हे अंतर जगात ज्या ज्या ठिकाणी कमी झाले, तेथे ते बहुतेक तरुण मुलींनी कमी केले आहे. म्हणून मी आज दातांविषयी आणि आपल्या मुलींविषयी एकत्र बोलणार आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. हुशार आहे. नकाशा काढावा तर तिनेच. गेल्या वर्षी ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा गृहपाठ केलेला नव्हता. मी तिला उभे केले आणि चार शब्द सुनावले. ती काही बोलली नाही. ओढणी गालावर धरून तशीच उभी राहिली. मला वाटले, अडेलपणा करते आहे. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण मला सांगायला आली, “सर, तिला बोलता येत नाही. तिची दाढ काढली आहे.” मी ओढणी बाजूला करायला सांगितली. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. बंधू-भगिनींनो, त्या क्षणी मला माझ्या बी.एड.च्या पदवीची लाज वाटली.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिचे अब्बा मासेमारीच्या लाँचवर खलाशी आहेत, ते समुद्रावर होते. अम्मीने सगळी हकीकत सांगितली. दाढेला भोक पडून वर्ष झाले होते. दुखले की लवंग लावायची, मिठाच्या पाण्याची चूळ भरायची, फारच झाले तर दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची. “दुधाची दाढ आहे, पडेल आणि दुसरी येईल,” असे सर्वांना वाटत होते. मग एका रात्री ताप भरला. सकाळच्या एसटीने मोठी बहीण तिला तालुक्याच्या गावी घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितले की दाढ वाचवता येईल, पण तीन-चार फेऱ्या होतील आणि खर्चही होईल. काढायची असेल तर आजच काढून देतो. बहिणीने घरी फोन केला. अम्मी म्हणाली, काढून टाका.

ती दाढ दुधाची नव्हती. ती कायमची दाढ होती. तिच्या जागी आता दुसरी कधीही येणार नाही.

ही गोष्ट आपण सर्वांनी नीट समजून घ्यावी, म्हणून थोडे थांबतो. दुधाचे दात एकूण २० असतात. मूल सहा वर्षांचे होते त्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. वर दोन, खाली दोन, अशा चार. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आई-वडिलांना त्या आल्याचे कळतही नाही. तोंडात बाकी सगळे दुधाचे दात असल्यामुळे हीही दुधाचीच, असा समज होतो. वस्तुतः याच दाढा जन्मभर सर्वांत जास्त चावण्याचे काम करतात. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकते, आणि मूल त्या वयात नीट दात घासत नाही. त्यामुळे पुष्कळदा कीड पहिल्यांदा याच दाढेला लागते.

कीड म्हणजे अळी नव्हे, हेही सांगतो. बाजारात कानातून किंवा दातातून अळी काढून दाखवणारे येतात, ती निव्वळ हातचलाखी असते. आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की त्यांतील काही जंतू त्यावर आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या कवचातील चुना विरघळवते. लाळ हळूहळू ती झीज भरून काढते. पण दर तासाला गोळी, बिस्किट, गोड चहा असे चालू राहिले तर लाळेला उसंतच मिळत नाही. म्हणून एकूण साखर किती खाल्ली याबरोबरच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हेही पाहावे लागते. ईदच्या दिवशी वाटीभर शीरखुर्मा खाल्ल्याने दात जात नाहीत. शाळेच्या दारातील पाच रुपयांच्या पुड्या दिवसभर चघळल्याने जातात.

असो. त्या घरातून मी निघालो तेव्हा मोठी बहीण दारापर्यंत आली. ती अकरावी विज्ञान शाखेत होती. ती म्हणाली, “सर, तिथे रांगेत बसलेले सगळे जण दात काढायलाच आले होते. वाचवायला कोणीच आलेले नव्हते. सगळे लांबून आलेले. गावात बघणारे कोणी असते, तर इतक्या उशिरा कोण गेले असते?”

तिने प्रश्न सहज विचारला असेल. पण मला तो झोपू देईना. इतिहासाच्या शिक्षकाला एक सवय असते. एखादा प्रश्न पडला की तो पूर्वी कोणाला पडला होता का, हे तो शोधतो. मी शोधले. तो प्रश्न एका संपूर्ण देशाला पडला होता.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी न्यूझीलंडमध्ये सैन्यभरती चालू होती. उंचीपुरी, धडधाकट शेतकऱ्यांची मुले भरतीला आली, आणि त्यांचे दात किडलेले निघाले. सैन्याच्या दंतविभागाचे प्रमुख टॉमस हंटर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी विचार केला की विशीतल्या जवानाचे दात दुरुस्त करणे म्हणजे पूर येऊन गेल्यावर बांध घालणे आहे. बांध लहानपणीच घातला पाहिजे. पण देशभर पसरलेल्या खेड्यांतील शाळांना पुरतील इतके दंतवैद्य होते कोठे? तेव्हा त्यांनी एक धाडसी योजना मांडली. तरुण मुलींना दोन वर्षांचे काटेकोर प्रशिक्षण द्यायचे आणि त्यांना थेट शाळांमध्ये नेमायचे. मोठ्या माणसांच्या तोंडाला त्यांनी हात लावायचा नाही. फक्त मुलांचे दात तपासायचे, साफ करायचे, लहान कीड भरायची, हलणारे दुधाचे दात काढायचे, आणि मुलांना व आयांना दातांची निगा शिकवायची. अवघड काम दंतवैद्याकडे पाठवायचे.

याला विरोध झाला. दोन वर्षांत मुली काय शिकणार, असे अनेक दंतवैद्यांचे म्हणणे होते. तरीही १९२१ साली वेलिंग्टन शहरात तीसएक तरुणींचा पहिला वर्ग सुरू झाला आणि १९२३ मध्ये त्या कामाला लागल्या. पांढरा गणवेश, शाळेच्या आवारात एक लहानशी खोली, आणि शिवणाच्या यंत्रासारखे पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र, एवढ्या साहित्यावर त्या मुलींनी काम उभे केले. घरापासून दूर, अनोळखी गावात राहून त्यांनी ते केले. मुले त्या खोलीला घाबरत, तिला ‘खुनाचे घर’ अशा अर्थाचे टोपणनावही त्यांनी ठेवले होते. पण शाळेतले प्रत्येक मूल नेमाने त्या खोलीत जात असे, आणि सरकार त्याचे पैसे घेत नसे. गरिबाचे मूल आणि श्रीमंताचे मूल एकाच खुर्चीत बसू लागले.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि शिक्षक म्हणून ती लपवणे मला शोभणार नाही. मुलीच का निवडल्या? त्या मुलांशी प्रेमाने वागतात, हे एक कारण दिले गेले. त्यांना पगार कमी दिला तरी चालतो, हे दुसरे कारण होते. पन्नास वर्षांनी, १९७४ साली, याच दंतपरिचारिका गणवेश घालून वेलिंग्टनच्या रस्त्यावर उतरल्या आणि योग्य वेतनासाठी त्यांनी संसदेवर मोर्चा नेला. शिवाय त्या काळात दात भरण्यावर फार भर दिला गेला. जरा डाग दिसला की कोरा आणि भरा. पुढे हे चुकीचे आहे असे लक्षात आले आणि कीड लागूच नये यावर भर देण्यात आला. चुका झाल्या, त्या दुरुस्त झाल्या, पण काम थांबले नाही. आज तेथे हे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीपर्यंत पोहोचले आहे.

ही कल्पना मग समुद्र ओलांडून आशियात आली. १९४९ च्या सुमारास मलायात, पेनांग येथे, अशाच मुलींची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. मलायात मोठी वस्ती आपल्या मुसलमान बांधवांची. तेथील खेड्यांतल्या मुली घर सोडून पेनांगला शिकायला गेल्या आणि परत येऊन सरकारी शाळांमध्ये मुलांचे दात सांभाळू लागल्या. आजच्या मलेशियात शालेय दंतसेवेचा मोठा भार अशा स्त्रियाच उचलतात. डोक्यावर रुमाल आणि हातात दाताचा आरसा, हे तेथे रोजचे दृश्य आहे. दोन्हींमध्ये विरोध आहे असे तेथे कोणाला वाटत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या मनात अशी शंका येते, त्यांनी या देशाकडे जरूर पाहावे.

आता मी आपल्याला पृथ्वीच्या अगदी वरच्या टोकाला नेतो. नकाशात अमेरिकेच्या वायव्येला अलास्का आहे. बर्फाचा मुलूख. तेथे मूळ रहिवाशांची दोनशेच्या वर लहान लहान गावे आहेत. बहुतेक गावांना रस्ता नाही. जायचे तर लहान विमानाने, होडीने, किंवा बर्फावरून. या लोकांचे पूर्वज मासे आणि सीलचे मांस खाऊन राहत, त्यांना दातांची कीड फारशी माहीत नव्हती. मग विमानाने दुकाने आली. दुकानांबरोबर साखर आली, बाटलीबंद गोड पेये आली. कित्येक गावांत नळाचे पाणी नाही, पण गोड पेयाची बाटली मात्र मिळते. पाहता पाहता तेथील मुलांच्या तोंडातील कीड अमेरिकेतील इतर मुलांच्या दुपटीहून अधिक झाली. दंतवैद्य वर्षातून एखाद्या वेळी विमानाने येणार, काही दिवस राहणार, जेवढे दात काढता येतील तेवढे काढणार आणि निघून जाणार. ऐकल्यासारखे वाटते ना? विमानाच्या जागी एसटी घाला, गोष्ट आपलीच आहे.

तेथील आदिवासींच्या आरोग्यसंस्थांनी ठरवले की बाहेरचा माणूस येथे टिकत नाही, तेव्हा आपलेच कोणी तरी तयार केले पाहिजे. पण अमेरिकेत असे दोन वर्षांचे शिक्षणच नव्हते. म्हणून २००३ साली त्यांनी आपल्या गावांतील तरुण विद्यार्थ्यांची पहिली तुकडी थेट न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात पाठवली. विचार करा. ज्या मुलीने आपले गाव आणि फार तर जवळचे शहर पाहिले आहे, ती अर्धी पृथ्वी ओलांडून शिकायला जाते. तिला माहीत असते की शिकून झाले की मोठ्या शहरात दुकान थाटायचे नाही, याच बर्फात परत यायचे आहे. २००५ मध्ये ही मंडळी परतली आणि कामाला लागली. कीड भरणे, साधे दात काढणे, मुलांच्या दाढांना टोपी बसवणे, दातांना फ्लोराइडचा लेप लावणे, ही कामे गावातच होऊ लागली. मोठ्या गावच्या दवाखान्यात बसलेला दंतवैद्य त्यांच्या कामावर देखरेख ठेवतो, क्ष-किरणाची चित्रे दुरून पाहतो आणि सल्ला देतो.

येथेही विरोध झाला. अमेरिकेतील दंतवैद्यांची संघटना २००६ साली न्यायालयात गेली. पूर्ण पदवी नसलेल्यांनी दात कोरू नयेत, गरिबांना दुय्यम दर्जाची सेवा का, असा त्यांचा मुद्दा होता. हा मुद्दा वरकरणी चुकीचा नाही, आपल्यालाही तो पटेल. पण त्याला एक सोपे उत्तर आहे. तेथे पहिल्या दर्जाची सेवा आणि दुय्यम सेवा अशी निवड नव्हतीच. सेवा आणि काहीच नाही, अशी निवड होती. २००७ साली न्यायालयाने आदिवासींच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी अलास्कातच प्रशिक्षण सुरू झाले, मुलींना न्यूझीलंडला जाण्याची गरज उरली नाही. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी तेथील एका मोठ्या प्रदेशातील दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या गावांत अशा कार्यकर्त्या अधिक दिवस होत्या, त्या गावांत दात काढून टाकण्याची वेळ कमी जणांवर आली आणि प्रतिबंधक उपचार अधिक जणांना मिळाले. माझ्या विद्यार्थिनीच्या बहिणीने दारात उभे राहून जे सांगितले होते, तेच विद्यापीठाने आकडे मांडून सांगितले.

आता आपल्या देशाकडे येऊ. पुष्कळ जणांना माहीत नसेल, पण भारतातील दंतवैद्यकीय शिक्षणाचा पाया एका मुसलमान तरुणाने घातला. डॉ. रफीउद्दीन अहमद. जन्म २४ डिसेंबर १८९०, पूर्व बंगालमध्ये. अलीगढला शिकले, पुढे अमेरिकेत आयोवा येथून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली. नंतर बोस्टन शहरात मुलांसाठी असलेल्या फोर्सिथ या धर्मादाय दंतचिकित्सालयात त्यांनी काम केले. तेथे गरिबांच्या मुलांचे दात पाहिलेला हा माणूस परत आला आणि १९२० साली त्याने कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. पैसा कोठून आणला? सोडा आणि आइस्क्रीमचे दुकान काढून! दात बिघडवणाऱ्या धंद्याच्या नफ्यातून त्यांनी दात सुधारणारी शाळा चालवली. १९४९ साली ते महाविद्यालय त्यांनी पश्चिम बंगाल सरकारच्या हवाली केले. १९६४ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांचा जन्मदिवस देशभर दंतवैद्य-दिन म्हणून पाळला जातो. आपल्या कौमचा असा वारसा आहे. मग आपल्या मोहल्ल्यातून या वाटेने किती मुली गेल्या? मी या प्रश्नाचे उत्तर देत नाही, आपणच मनात मोजून पाहा.

आज भारतात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. दंतवैद्यांची संख्याही मोठी आहे. पण ते बहुतेक शहरांत एकवटले आहेत. एकाच रस्त्यावर चार पाट्या दिसतात आणि खाडीपलीकडे एकही नाही. न्यूझीलंड किंवा मलेशियासारखी शाळेत बसून मुलांचे दात भरणारी कार्यकर्ती आपल्या देशाच्या व्यवस्थेत नाही. मग आपल्या मुलीसाठी वाट कोणती? मी जी माहिती गोळा केली ती सांगतो.

पहिली वाट बी.डी.एस.ची. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ ही परीक्षा द्यायची. चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयात प्रत्यक्ष काम, अशी पाच वर्षे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर आहे. सरकारी जागा मोजक्या आहेत आणि खाजगी महाविद्यालयांची फी आपल्यासारख्यांना झेपणारी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणजे अभ्यास आठवीपासूनच पक्का हवा. आपल्याकडे डॉक्टर म्हणजे एम.बी.बी.एस. एवढेच समीकरण आहे. त्यात थोडक्यात हुकलेली हुशार मुलगी निराश होऊन घरी बसते. तिने घरी बसू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

दुसरी वाट डेंटल हायजिनिस्टच्या दोन वर्षांच्या पदविकेची. ती दात कोरत किंवा काढत नाही. दात स्वच्छ करणे, हिरड्यांची निगा, फ्लोराइड लावणे, लोकांना शिकवणे ही कामे ती दंतवैद्याच्या मार्गदर्शनाखाली करते. या वाटेची आपल्याकडे कोणाला माहितीच नाही.

आणि यंत्रावाचून, विजेवाचून काही होत नाही असेही आता राहिलेले नाही. कीड हाताच्या साध्या अवजाराने खरवडून काढायची आणि एका विशिष्ट सिमेंटने भोक भरायचे, ही पद्धत १९८० नंतरच्या काळात आफ्रिकेत टांझानियामध्ये विकसित झाली. चांदी आणि फ्लोराइड असलेल्या एका द्रवाचा थेंब लावून कीड जागच्या जागी थांबवता येते, दात काळा दिसतो पण वाचतो. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हा द्रव, ते सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. म्हणजे शिकलेली मुलगी एका पेटीत पुष्कळसा दवाखाना घालून वाडीत येऊ शकते.

भगिनींनो, आता एक गोष्ट बोलताना मला संकोच होतो, पण बोलतो. मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि दातांना लावायची. माझ्या दादीने आयुष्यभर लावली. दात घट्ट राहतात, अशी तिची समजूत होती. दात घट्ट राहत नाहीत, हात मात्र घट्ट धरला जातो, सुटता सुटत नाही. ती तंबाखूच आहे, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. हे मी पुरुष मास्तर माझ्या वर्गातील मुलींच्या आयांना कसे सांगू? त्या तोंडावर पदर घेतील आणि उठून जातील. त्यांच्या तोंडात पाहण्याचा, तीन आठवडे बरी न होणारी पांढरी किंवा लाल चकती वेळेत ओळखण्याचा आणि “मावशी, आता हे सोडा” असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याच वाडीच्या शिकलेल्या लेकीला आहे. आपल्या घरात स्त्री-डॉक्टर हवी असा आग्रह आपण धरतो. मग ती स्त्री-डॉक्टर कोणाच्या तरी घरातून बाहेर पडून शिकली पाहिजे, हे आपण का विसरतो?

आपल्या पैगंबरसाहेबांनी मिसवाकचा किती आग्रह धरला, हे येथे बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. तोंडाची स्वच्छता हा आपल्या दीनचा भाग आहे. वुजू करताना दिवसातून पाच वेळा आपण चूळ भरतो. ज्या समाजाला चौदाशे वर्षांपूर्वी ही तालीम मिळाली, त्याची मुले दाढ सुजून वर्गात उभी राहावीत, हे आपल्याला शोभत नाही.

आता तीन विनंत्या करून आपली रजा घेतो.

पहिली विनंती पालकांना. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, मुलाला ‘आ’ करायला सांगा आणि मागच्या दाढा पाहा. काळी रेघ किंवा खाच दिसली तर दुखण्याची वाट पाहू नका. रात्री झोपण्यापूर्वी दात घासून घ्या. सात-आठ वर्षांच्या मुलाचे दातही आपण स्वतः घासून दिले तर त्यात कमीपणा नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून तान्ह्याला झोपवू नका.

दुसरी विनंती संस्थेला. शिष्यवृत्ती-निधीतून दरवर्षी एका मुलीच्या दंतशिक्षणाचा प्रवासखर्च, पुस्तके आणि वसतिगृहाचे शुल्क उचलावे. उलेमांचा सल्ला घेऊन जकातीच्या रकमेतून गरजू मुलीला मदत करता येईल का, हेही पाहावे. तिच्याकडून एकच वचन घ्यावे, की शिकून झाल्यावर महिन्यातून दोन दिवस ती आपल्या शाळेच्या एका खोलीत बसेल. खोली मी मोकळी करून देतो. भूगोलाचे नकाशे ठेवण्याची खोली आहे, नकाशे माझ्या वर्गात मावतील.

तिसरी विनंती एका घराला आहे. ते घर कोणते, हे मी सांगणार नाही. ती मोठी बहीण आता बारावीत आहे. तिने मला सांगितले की तिला दातांची डॉक्टर व्हायचे आहे. तिच्या घरात अजून निर्णय झालेला नाही. एक स्थळ आले आहे, चांगले आहे असे म्हणतात. अब्बा समुद्रावरून परतले की बोलणी होतील. मी तिचा शिक्षक आहे, तिच्या घरचा कर्ता नाही. मला माझी मर्यादा समजते. पण त्या अब्बांना मी हात जोडून एवढेच विचारीन, की साहेब, धाकटीची दाढ गेली ती परत येणार नाही. मोठीचे हे वर्ष गेले तर ते तरी परत येईल का?